हाड म्हटल्यावर जवळ येणारं

आमच्या घरमालकांना गाव 'हाड-सुभेदार' म्हणायचं. पाठीमागे तर म्हणायचंच, पण कुणाकुणाला त्यांची पाठ वळेपर्यंत दम धरवायचा नाही, मग तोंडावरही निघून जायचं. सुभेदारांना त्याचं काही वाटत नसे. "नावाचं काय घिऊन बसलाय, पलटणीत नंबरानं बी हाक मारत्यात," असं म्हणून ते सोडून देत.

नाव पडायचं कारण साधं होतं. रस्त्यात कुत्रं दिसलं की सुभेदार थांबत, त्याच्याकडे नीट बघत आणि हलक्या आवाजात म्हणत, "हाड." तुम्ही-आम्ही म्हणतो तसं नाही. आपल्या हाडमध्ये दगड असतो. सुभेदारांचं हाड म्हणजे बंद दाराची कडी हळूच वाजवून "आहे का कुणी घरात?" असं विचारल्यासारखं होतं. विचारायचं आणि वाट बघायची. कुत्रं पळालं की ते मान हलवून पुढे निघत. पळणाऱ्या कुत्र्यामागे ना शिवी, ना ढेकूळ. पुढच्या वळणावर दुसरं कुत्रं भेटे. पुन्हा "हाड", पुन्हा थांबणं. वेशीपासून नदीपर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा, पण सुभेदारांना तो तासभर पुरत असे.

ही आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं. पलूसच्या जवळ, कृष्णाकाठच्या एका गावातल्या शाळेत मी चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो होतो. मी सातारा शहरात वाढलेला. लहानपणी कुत्रं चावलेलं, पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली. तेव्हापासून कुत्रं दिसलं की माझे पाय मेणाचे होतात. गावात खोली बघत फिरत होतो तेव्हा कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, "हाड-सुभेदाराकडं बघा, तितं कुत्रं फिरकत न्हाई." ते चेष्टेत म्हणालं आणि मी खोली घेऊन मोकळा झालो.

पहिल्या काही दिवसांतच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती मी कुणाला बोललो नाही, कारण भित्र्या माणसाचं कोण ऐकतं? दिवेलागणीला सुभेदार काठी घेऊन बाहेर पडले की गावातली कुत्री गप्प होत. एकमेकांवर गुरगुरणारी, उकिरड्यावर भांडणारी, सगळी. ती भुंकत नसत आणि त्यांनी हाड म्हणेपर्यंत पळतही नसत. जागच्या जागी उभी राहून त्यांच्याकडे बघत. प्रश्न विचारला जाणार आहे हे त्यांना माहीत असल्यासारखं. उत्तर देऊन मगच ती जात.

सुभेदारांनी फौजेत असताना देश पाहिले होते पुष्कळ. मिसर, इटली, जपान, नंतर युनोच्या निळ्या टोपीवाल्या फौजेबरोबर गाझा आणि काँगो. परदेशी कोण जातंय असं विचारलं की हे पहिले उभे राहत, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगत. गावाला वाटे, भत्त्यासाठी. पण इतके देश हिंडून आलेल्या या माणसाला तिथल्या गोष्टी सांगा म्हटलं की फक्त कुत्र्यांच्या गोष्टी यायच्या. पिरॅमिड पाहिला का म्हणून मी एकदा विचारलं.

"पायला की," ते म्हणाले. "तितली कुत्री थडग्यांवर झोपत्यात. दगुड तापल्याला असतो. मी हाड म्हणलं की थडग्यावरनं उठत्यात आन पलीकडच्या थडग्यावर जात्यात."

"आणि पिरॅमिड?"

"त्यो हाय तितंच हाय."

जपानचं कुत्रं शिस्तीचं, हाड म्हटलं की आधी जरा विचार करतं आणि मग जातं. इटलीचं आपल्यासारखंच, आगाऊ. पण काँगोचं कुत्रं भुंकत नाही, हे ते सांगत तेव्हा कट्ट्यावरची मंडळी खो खो हसत. सुभेदार हसत नसत. "खरं हाय गड्यानू," ते म्हणत. "गवतातनं म्होरं येतं, तुमच्याकडं बघून त्वांड उघडतं आन आवाज येत न्हाई. तवा आपल्यालाच वाटतं, आपुन भैरं झालो का काय." मग त्यांचं ठरलेलं वाक्य येई. "मानसाची भाषा बारा कोसावर बदलती. कुत्र्याची न्हाई. कुटल्या बी देशात जा, वाकून दगुड उचलायचं सोंग करा, कुत्रं पळतंय. आन हाड म्हणा, हाड बी समद्यास्नी कळतंय."

"समद्यास्नी?" कुणीतरी विचारी.

"येक सोडून," असं म्हणून सुभेदार उठून जात.

हे 'एक सोडून' काय आहे ते मला दिवाळीनंतर कळलं, आणि कळण्याआधी माझी पाचावर धारण बसली.

दिवाळी झाली की आटपाडीकडच्या दुष्काळी मुलखातून मेंढरं खाली नदीकाठाला येत. रिकाम्या रानात रात्री मेंढरं बसवली की लेंडीखत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलावून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. सुभेदारांच्या रानात दर वर्षी एकच कळप बसे. कळपाची मालकीण एक पन्नाशीची बाई होती, कोंडाबाई. उन्हानं रापलेली, हातात काठी, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बरोबर दीर आणि त्याची मुलं असत, पण शब्द तिचा चाले.

मी एका संध्याकाळी रानाच्या कडेनं चाललो होतो. बांधाआडून एक करडं, लांडग्याच्या तोंडाचं कुत्रं उठलं. मी जागच्या जागी थिजलो आणि सगळा जीव गोळा करून ओरडलो, "हाड!"

कुत्रं धावत आलं.

मी दुप्पट जोरानं ओरडलो. ते आणखी जवळ आलं, दात दाखवत माझ्यापासून हातभर अंतरावर उभं राहिलं. मी "हाड, हाड, हाड" करत होतो आणि दर हाडला ते एक पाऊल पुढे टाकत होतं. तेवढ्यात लांबून कोंडाबाईची हाक आली, "मास्तर, हाड म्हनू नगा. यू म्हना, यू!"

यू यू करून आपण कुत्र्याला बोलावतो. जे कुत्रं मला फाडायच्या बेतात होतं त्याला मी लाडानं जवळ बोलवायचं, असं ती बाई सांगत होती. पण माझ्यापाशी दुसरा उपाय नव्हता. मी रडवेल्या आवाजात "यू... यू..." म्हणालो. कुत्र्यानं तोंड मिटलं, मागं वळलं आणि शेपूट खाली घालून निघून गेलं.

"आमच्या घरचं उलटं असतंय," कोंडाबाई जवळ येऊन म्हणाली. ती हसत होती. "चोर येतुय त्यो काय म्हंतुय? हाडच म्हंतुय. मग आमी पिलापासनं शिकीवतो, हाड म्हंजी ये, यू म्हंजी जा. चोरानं हाड म्हणलं की त्येच्याच अंगावर जातंय. माज्या सासऱ्याच्या बापाची अक्कल ही. दुसरं कुणी करत न्हाई."

त्या संध्याकाळी मेंढरांच्या कडेला तीन दगडांची चूल पेटली होती. सुभेदार येऊन घोंगड्यावर बसले. कोंडाबाईनं त्यांच्यापुढे भाकरी ठेवली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "भावजी, कुटलं आलं का?"

"न्हाई वैनी," सुभेदार म्हणाले. "समदी पळाली."

तिनं मान हलवली आणि भाकरीवर कोरड्यास वाढलं. दर वर्षी हा एवढाच प्रश्न आणि एवढंच उत्तर असतं, हे मला नंतर कळलं.

घरी येताना मी सुभेदारांना विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. मला वाटतं, सांगायला कुणी मिळालं याचंच त्यांना बरं वाटलं असावं.

कोंडाबाईचा नवरा बिरा सुभेदारांच्या पलटणीत होता. एकाच दिवशी भरती झालेले, एकाच ताटात जेवणारे. इटलीत एका नदीवरच्या लढाईनंतर बिरा सापडला नाही. मेलेल्यांत नाही, जखमींत नाही, पकडलेल्यांत नाही. पलटण पुढे गेली. मग काही महिन्यांनी दुपारच्या वेळी डोंगरातल्या एका ओसाड गावात यांची गाडी थांबली. घरांना छपरं नव्हती, माणूस एकही नव्हतं. सुभेदार दगडी भिंतीला टेकून डब्यातलं खात होते. एक पांढरं कुत्रं आलं. एक कान उभा, एक मोडलेला.

"मी हाड म्हणालो," सुभेदार म्हणाले. "त्ये आलं. परत हाड म्हणालो. आनखी म्होरं आलं आन माज्या बुटापाशी बसलं. मास्तर, त्या मुलखात हाड म्हंजी ये कुणाला ठावं? येका बिराला. त्येनंच शिकीवलं असनार. म्हंजी त्यो हुता. तितंच कुटं तरी हुता. कुत्रं उटलं, वळनापत्तुर गेलं आन उबं ऱ्हाऊन माज्याकडं बघाय लागलं. माज्या मागनं चल, असं म्हणत हुतं बघा. आन गाडीचा भोंगा वाजला. सायेब वरडला. आन मी गाडीत चढलो."

रस्त्यावर अंधारून आलं होतं. ते थांबले म्हणून मीही थांबलो.

"हुकूम हुता," ते म्हणाले. "पन मी चढलो."

गावी आल्यावर त्यांनी कोंडाबाईला सांगितलं, बिरा जिवंत आहे. ती तेव्हा विशीतली होती. त्यांच्या जमातीत नवरा गेलेल्या बाईचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न होतं. धाकटा दीर तयार होता, सासराही तयार होता. तिनं सुभेदारांच्या शब्दावर नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून तिचं कुंकू त्या एका कुत्र्यावर उभं होतं. इटलीला यांना परत कुणी पाठवलं नाही, म्हणून पाठवतील त्या देशात हे गेले आणि भेटेल त्या कुत्र्याला विचारत राहिले. "पाय हायती तो मानूस कुटं बी जातुय," ते म्हणत. पेन्शनीत आल्यावर गावातल्या कुत्र्यांना विचारू लागले. बिरा चालत चालत घराकडे आला असेल, तर वाटेतली कुत्री त्याला ओळखत असतील ना?

याला कुणी वेडेपणा म्हणेल. मीही म्हणालो असतो. पण त्या माणसाच्या शेजारी उभं राहून ते "हाड" ऐकलं की मलाही कुत्र्याच्या पायांकडे बघवत नसे, न जाणो पुढे पडले तर.

त्यांनी माझ्याकडून त्या कुत्र्याचं चित्रही काढून घेतलं. मी कितीदा तरी काढलं. ते चष्मा लावून बघत आणि म्हणत, "चित्र झ्याक हाय. खरं ह्ये त्ये न्हवं." कधी कान चुकलेला असे, कधी नजर. शेवटी एका चित्राला ते काही बोलले नाहीत. ते त्यांनी देवांच्या तसबिरींशेजारी लावलं. मी त्या घरात असेपर्यंत त्या भिंतीकडे पाठ करून बसायचं टाळत राहिलो.

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता पेन्शनीच्या कामासाठी ते साताऱ्याला आले, मी तेव्हा सुट्टीला घरीच होतो, आणि मी त्यांना वर महाबळेश्वरला घेऊन गेलो. माझे मामा तिथं टॅक्सी चालवत. पाऊस ओसरला होता, पण धुकं होतं. तिथलं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. आपल्याच हातातली काठी खालच्या टोकाला दिसत नाही. सकाळी आम्ही एका पॉइंटच्या रस्त्यानं चाललो होतो. पुढे काहीतरी पांढुरकं हललं. सुभेदार सवयीनं म्हणाले, "हाड."

पांढुरकं जवळ आलं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जन्मभर कडी वाजवलेल्या घरातून कुणीतरी "आलो" म्हणावं आणि ऐकणाऱ्याचे पायच जावेत, तसं झालं होतं. ते पुन्हा म्हणाले, "हाड." ते आणखी जवळ आलं. कुत्रंच होतं. आम्हाला हुंगलं, वळलं, चार पावलं गेलं आणि थांबून मागे पाहिलं.

"मास्तर," सुभेदार म्हणाले, "ह्या डावाला मी गाडीत चढत न्हाई."

आणि ते चालू लागले. कुत्रं रस्ता सोडून गवतात उतरलं, तसे हेही उतरले. "सुभेदार, तिकडं दरी आहे," मी ओरडलो. त्यांना ऐकू येत नव्हतं. धुक्यात त्यांची पाठ पुसट होत गेली. मी कुत्र्याला भिणारा माणूस, पण त्या वेळी कुत्र्याची आठवणही राहिली नाही. मी धावलो आणि त्यांचा कोट पाठीमागून धरला. त्यांच्या पायाखालून एक धोंडा सुटला आणि खाली गेला. तो कुठं आपटल्याचा आवाज आम्हाला आला नाही.

आम्ही तसेच उभे राहिलो. मग उजवीकडून धुक्यातून एक माणसाचा आवाज आला. "हाड! हाड! ये रं, हाड घे!" पांढरं कुत्रं शेपूट हलवत तिकडे पळालं.

तिथं एका हॉटेलची मागची बाजू होती. आचारी हातात पातेलं घेऊन उभा होता आणि रात्रीच्या रश्शातली हाडं कुत्र्यापुढे टाकत होता. आमचा अवतार बघून तो म्हणाला, "आवं, दरीकडं कुटं चाललाय? आन ह्येला हाड म्हनू नगा. माज्या हातचं खाऊन बिगाडलंय. हाड म्हणलं की त्येला हाडूकच वाटतंय, लगीच जवळ येतंय."

मी हसलो. सुटकेचं हसू होतं ते. सुभेदार हसले नाहीत. ते त्या हाडांकडे बघत राहिले.

परतताना एस.टी.त ते खिडकीशी बसले होते. पसरणीचा घाट उतरला. वाईच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, आमच्या आदी दुसरी मराठी पलटन त्या गावावरनं गेली हुती. लंगर, म्हंजी सैपाकाचा तळ, लावल्याला असंल त्येंनी. लंगरात मटन असायचं."

मला कळायला वेळ लागला. कुणा मराठी आचाऱ्यानं त्या उपाशी कुत्र्यापुढे हाडं टाकली असतील, "हाड घे, हाड" म्हणून. बस, एवढंच असेल. त्यात बिरा कुठंच नसेल.

"यू म्हणून बघितलं होतं का तुम्ही?" मी विचारलं. "यू म्हटल्यावर गेलं असतं तर..."

"तर बिराचं," सुभेदार म्हणाले. "हाडकं खानारं यू म्हणल्यावर जात न्हाई. यू म्हणायचं ऱ्हायलं, मास्तर. भोंगा वाजला."

त्या दिवाळीनंतर मेंढरं आली. आम्ही दोघं रानात गेलो. कोंडाबाईनं भाकरी ठेवली आणि विचारलं, "भावजी, कुटलं आलं का?" सुभेदारांनी भाकरीला हात लावला नाही. त्यांनी तिला सगळं सांगितलं, महाबळेश्वरचा आचारी, पातेलं, लंगर, न म्हटलेलं यू. आवाज न चढवता, वरिष्ठाला खबर द्यावी तसं सांगितलं. शेवटी म्हणाले, "वैनी, मी तुमाला खोटं बोललो का खरं, त्ये माजं मलाच कळंना झालंय."

कोंडाबाई चुलीपाशी बसली. तिनं जळतं लाकूड आत सारलं. "आता काय करू म्हंता?" ती म्हणाली. "आता पाट लावू?" आणि ती हसली. त्या हसण्यात राग असता तर बरं झालं असतं. सुभेदार मान खाली घालून बसले होते. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

त्या दिवसापासून सुभेदारांनी हाड म्हणणं सोडलं. संध्याकाळचं फिरणंही सोडलं. आणि मग कुत्री यायला लागली. आधी एक, मग पाच-सहा. दिवेलागण झाली की ती आमच्या दारासमोर रस्त्याच्या पलीकडे येऊन बसत, तोंडं दाराकडे करून. भुंकत नसत. खायला टाकलं तर खात नसत. मी खिडकीला गोणपाट लावून घेतलं. सुभेदारांना मी एकदा म्हणालो, ती तुमची वाट बघतात, एकदा म्हणा की हाड. ते म्हणाले, "इचारून झालं, मास्तर. आता त्येंला सांगाय माज्याकडं काय न्हाई."

आषाढात ते गेले. फार आजारी नव्हते. जेवण कमी होत गेलं आणि मग थांबलं. त्या संध्याकाळपासून कुत्री आली नाहीत.

दहाव्याला आम्ही नदीवर होतो. कृष्णेला तांबडं पाणी आलं होतं. कोंडाबाई आली. मेंढरं आणि कुत्री पावसाळ्यात वर त्यांच्या मुलखातच असतात. ती एकटी एस.टी.नं आली होती, मांडीवर गाठोडं घेऊन बायकांत मागे बसली. पिंड मांडला. झाडावर कावळे होते, चांगले पुष्कळ, पण एकही शिवेना. सुभेदारांच्या थोरल्या मुलानं हात जोडून सांगितलं, रान वाटून घेणार नाही. कावळे तसेच. धाकट्यानं सांगितलं, दारू सोडतो. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि कावळ्यांनीही ते फारसं मनावर घेतलं नाही. कुणी लेकीचं नाव घेतलं, कुणी देवाचं. ऊन डोक्यावर आलं.

आणि मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातल्या, बाभळींतून एक पांढरं कुत्रं आलं.

गावातलं नव्हतं. गावातलं एक एक कुत्रं मला तोंडपाठ होतं, भित्र्याला ते करावंच लागतं. ते सरळ पिंडाकडे निघालं. थोरला ओरडला, "हाड!" कुत्रं पुढे आलं. भटजी ओरडले, चार-पाच जण एकदम ओरडले, "हाड! हाड!" दर हाडला ते एक पाऊल पुढे येत होतं, शांतपणे, बोलावलेल्या पाहुण्यासारखं. कुणीतरी दगडासाठी वाकलं. जगातल्या कुठल्याही देशाचं कुत्रं त्यावर पळतं, असं सुभेदार सांगायचे. ते पळालं नाही. लोकांचा ओरडा आपोआप खाली येत गेला. कुत्रं पिंडापाशी येऊन बसलं. भाताला त्यानं तोंड लावलं नाही.

कोंडाबाई उठली. बायकांतून वाट काढत पुढे आली आणि कुत्र्यापासून दोन हातांवर उभी राहिली. बराच वेळ ती नुसती बघत होती. मग खाली वाकली आणि लेकराला समजवावं तशा आवाजात म्हणाली, "यू... यू..."

कुत्रं उठलं. तिच्याकडे पाहिलं, वळलं आणि आलं त्या वाटेनं बाभळींत निघून गेलं.

"गेलं," ती म्हणाली. मग पिंडाकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भावजी, आमचंच हुतं. तुमी खोटं न्हवता."

कावळा शिवला. तिचं वाक्य पुरं होतंय तोवर शिवला, आणि मागोमाग सगळे उतरले.

लोक उठले, हात जोडले, आंघोळीला पाण्याकडे गेले. कोंडाबाई कडेला एकटी उतरली आणि ओंजळीनं तोंड धुऊन वर आली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. पाण्यानं गेलं की तिनं पुसलं, ते मी विचारलं नाही. ती दुपारच्या गाडीनं परत गेली.

घरी येऊन मी तसबिरींशेजारचं चित्र काढून हातात घेतलं आणि तेव्हा मला लख्ख कळलं की कुत्र्याचा कान मोडका होता की नाही, हे मी पाहिलंच नव्हतं. मी चित्रकलेचा मास्तर, तो कान मी निदान पन्नासदा काढला होता, आणि वेळ आली तेव्हा बघायचं राहून गेलं. सुभेदारांचं यू राहिलं, तसंच. त्यांना मी कधी मनातून दोष दिला असेल तर तो त्या क्षणी फिटला.

पुढे माझी बदली सांगलीला झाली. कुत्र्यांची भीती गेली नाही, पण तिची जात बदलली. कुपवाडच्या रस्त्यावर संध्याकाळी एखादं अनोळखी कुत्रं समोर येतं, थांबतं आणि माझ्याकडे बघतं. बरोबरचे लोक म्हणतात, "मास्तर, हाड म्हणा की." मी म्हणत नाही. आलं तर काय करायचं?

मी बाजूला होतो आणि त्याला वाट देतो.